जैवविघटनशील पॅकेजिंग कंपन्यांमध्ये गुंतवणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकच्या ढिगांची चीड येते, हाताशी थोडी बचत असते, आणि मग वाटते की ही बचत कचरा कमी करणाऱ्या कंपन्यांकडे जावी. ही इच्छा चांगली आहे आणि ती टिकावी म्हणूनच हे लिहिले आहे. चांगल्या हेतूने घेतलेला शेअरही बुडतो, आणि एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा या क्षेत्राकडे वळत नाही. पुढची उत्तरे अभ्यासाची दिशा दाखवण्यासाठी आहेत. अमुक शेअर घ्या किंवा विका, असा सल्ला त्यांत नाही.

वनस्पतिजन्य, जैवविघटनशील आणि कंपोस्टेबल हे सगळे एकच का?

नाही. हा फरक न समजता पैसे घालणारे बरेच असतात.

वनस्पतिजन्य म्हणजे कच्चा माल शेतातून आला, एवढेच. ब्राझीलची ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन बनवते. ते वनस्पतिजन्य आहे, पण खनिज तेलापासूनच्या पॉलिएथिलीनसारखेच वर्षानुवर्षे पडून राहते. पीबीएटीचे उलट आहे. बीएएसएफने १९९८ मध्ये ‘इकोफ्लेक्स’ या नावाने बाजारात आणलेले हे प्लास्टिक खनिज तेलापासून बनते, तरी योग्य परिस्थितीत सूक्ष्मजीव ते फस्त करतात.

कंपोस्टेबल ही सर्वांत काटेकोर अट. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार सुमारे ५८ अंश तापमानात ६ महिन्यांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत, जड धातूंची मर्यादा पाळली पाहिजे आणि तयार खतात रोपे नीट वाढली पाहिजेत. अमेरिकेत एएसटीएम डी६४०० आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ १७०८८ ही मानके आहेत. कंपनीच्या कागदपत्रांत ‘पर्यावरणस्नेही’, ‘बायोडिग्रेडेबल’ असे शब्द जागोजागी असतील आणि मानकाचा क्रमांक एकदाही नसेल, तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

या धंद्यात कोणकोणत्या कंपन्या येतात?

पहिला गट दाणे, म्हणजे रेझिन, बनवणाऱ्यांचा. पीएलए, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासूनचे कंपोस्टेबल प्लास्टिक, बनवणारी नेचरवर्क्स ही कारगिल आणि थायलंडच्या पीटीटी ग्लोबल केमिकलची संयुक्त मालकीची कंपनी आहे. नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर इथल्या तिच्या कारखान्याची क्षमता वर्षाला दीड लाख टन आहे. टोटलएनर्जीज कॉर्बियनचा थायलंडमधल्या रेयाँगचा कारखाना ७५ हजार टनांचा आहे. इटलीची नोवामाँट स्टार्चवर आधारित ‘मेटर-बी’ बनवते, तर जपानची कनेका जिवाणूंकडून पीएचए हे विघटनशील प्लास्टिक तयार करून घेते.

दुसरा गट हे दाणे विकत घेऊन पिशव्या, फिल्म, कप बनवणाऱ्यांचा. तिसरा लगद्यापासून ट्रे आणि ताटल्या दाबून काढणाऱ्यांचा. फिनलंडची हुहतामाकी ही त्यातली शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी. चौथा गट नव्या कल्पनांवर चाललेल्या खासगी कंपन्यांचा, उदाहरणार्थ समुद्री शेवाळापासून वेष्टने करणारी आणि २०२२ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळवणारी लंडनची नॉटप्ला.

माझे मत असे, की बातम्यांमध्ये पहिला आणि चौथा गट चमकतो, पण लहान गुंतवणूकदाराची झोप शाबूत ठेवतो तो दुसरा आणि तिसरा. पिशव्या बनवणाऱ्याला एक दाणा महाग झाला तर दुसरा वापरून बघता येतो. दाणे बनवणाऱ्याचा अख्खा कारखाना एकाच रसायनाला बांधलेला असतो.

शेअर बाजारात फक्त हेच काम करणारी कंपनी मिळते का?

फारच कमी, आणि ज्या मिळतात त्या बहुधा लहान आणि तोट्यातल्या. एकंदर जैवप्लास्टिकाचा वाटा जगातल्या ४० कोटी टनांहून जास्त वार्षिक प्लास्टिक उत्पादनात सुमारे अर्धा टक्काच आहे, आणि त्यातलेही सगळे विघटनशील नाही. म्हणून हा धंदा बहुतेक ठिकाणी मोठ्या कंपन्यांच्या पोटात दडलेला असतो. नोवामाँट २०२३ मध्ये पूर्णपणे एनी या तेल कंपनीच्या व्हर्सालिसकडे गेली. ॲमस्टरडॅमच्या बाजारात नोंदलेल्या कॉर्बियनकडे पीएलएच्या संयुक्त कंपनीचा निम्मा हिस्सा आहे, पण तिचा मुख्य व्यवसाय खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या घटकांचा. बीएएसएफचा शेअर घेणारा तर मुख्यतः रसायन उद्योगाच्या तेजीमंदीवर पैसे लावत असतो. कंपनीच्या एकूण विक्रीत विघटनशील मालाचा वाटा किती, हा आकडा वार्षिक अहवालात शोधा. तो वेगळा दिलेलाच नसेल, तर व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो अजून किरकोळ आहे असे धरून चाला.

मागणी वाढते आहे, तरी कंपन्या बुडतात कशा?

वाढती मागणी आणि पूर्ण क्षमतेने चालणारा कारखाना यांत बरेच अंतर असते. किण्वनाच्या टाक्या, शुद्धीकरण, वाळवणी, यांवर आधी प्रचंड खर्च होतो. ग्राहक मात्र वर्ष-दोन वर्षे नमुने तपासतो, आपल्या यंत्रांवर चालवून बघतो आणि मग थोडीशी ऑर्डर देतो. तोवर व्याज थांबत नाही.

मेटाबॉलिक्स या अमेरिकी कंपनीची हकीकत या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. २००६ मध्ये ती शेअर बाजारात आली. धान्यप्रक्रियेतली बलाढ्य कंपनी एडीएम तिची भागीदार होती. आयोवातल्या क्लिंटन इथे वर्षाला सुमारे ५० हजार टन पीएचए बनवणारा कारखाना उभा राहिला. जानेवारी २०१२ मध्ये एडीएमने अंग काढून घेतले, कारण एवढा माल त्या भावाने घेणारे नव्हते. २०१६ मध्ये मेटाबॉलिक्सने पीएचएचा व्यवसाय दक्षिण कोरियाच्या सीजे कंपनीला विकला आणि नंतर नावही बदलले. पदार्थ चांगला होता, आणि पुढे सीजेने तो बनवलाही. पैसे गेले ते पहिल्या भागधारकांचे.

डॅनिमर सायंटिफिकनेही पीएचएचीच वाट धरली. डिसेंबर २०२० मध्ये स्पॅक म्हणजे आधीच नोंदलेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होऊन ती न्यूयॉर्कच्या बाजारात आली, आणि २०२१ च्या सुरुवातीला तिचा शेअर ६० डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षाच्या शेवटी तिने २४ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्ज, काढले. विक्री अपेक्षेइतकी वाढली नाही, कर्ज तसेच राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात दर तिमाहीला नवे ग्राहक, नव्या चाचण्या यांच्या बातम्या येतच होत्या. त्या खोट्या होत्या असे नाही. कारखाना चालता ठेवण्याइतके टन मात्र त्यांतून जमले नाहीत.

बुडण्याचा तिसरा मार्ग चीनमध्ये दिसला. २०२० मध्ये तिथे प्लास्टिकवर निर्बंध जाहीर होताच पीबीएटीचे भाव चढले आणि कारखान्यांची रांग लागली. सगळे एकाच वेळी उत्पादनाला आल्यावर क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आणि भाव कोसळले. तुमची कंपनी कितीही शहाणी असली, तरी शेजाऱ्यांनी गर्दी केली की तिलाही त्याच भावात विकावे लागते.

सरकारने प्लास्टिकवर बंदी घातली की या कंपन्यांचा फायदा होतोच ना?

होतोच असे नाही, कारण बंदीची व्याख्या कशी लिहिली आहे यावर सगळे ठरते.

युरोपीय संघाचा २०१९ चा एकल-वापर प्लास्टिकचा निर्देश ३ जुलै २०२१ पासून लागू झाला. त्यात पीएलए आणि पीएचए हेही प्लास्टिकच धरले आहे. म्हणजे पीएलएच्या चमच्यावरही तीच बंदी. भारतात १ जुलै २०२२ पासून काही एकल-वापर वस्तूंवर बंदी आली तेव्हा कंपोस्टेबल प्लास्टिकला सूट मिळाली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. तोच पदार्थ, तोच चमचा. एकीकडे बाजार बंद, दुसरीकडे खुला. म्हणून कंपनी कोणत्या देशांत विकते आणि तिथल्या कायद्यातली व्याख्या काय आहे, हे बाजारपेठेच्या अंदाजांच्या आलेखांपेक्षा आधी वाचा.

युरोपचा पॅकेजिंगविषयीचा नवा नियम, २०२५/४०, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. त्याच्या बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. त्याचा मुख्य भर पुनर्चक्रणावर आणि पुनर्वापरावर आहे. कंपोस्टेबल असणे सर्वत्र बंधनकारक होते ते थोड्याच गोष्टींना : चहा-कॉफीच्या झिरपणाऱ्या पिशव्या, फळे-भाज्यांवरचे चिकट लेबल, अशा गोष्टींना, २०२८ पासून. हा नियम वाचून मला वाटते की कंपोस्टेबल मालाची खरी जागा तिथे अचूक ओळखली आहे. अन्नाला चिकटलेले, स्वच्छ करून परत वापरता न येणारे आणि अन्नासोबतच ओल्या कचऱ्यात जाणारे वेष्टन, ती ही जागा. ती लहान असली तरी पक्की आहे. जी कंपनी सगळ्या प्लास्टिकची जागा घेण्याची भाषा करते, तिच्यापेक्षा या जागेवर नेमके बोट ठेवणारी कंपनी मला जास्त विश्वासू वाटते.

वापरून झाल्यावर वेष्टन कुठे जाते, याचा माझ्या पैशांशी काय संबंध?

सगळा संबंध आहे. हे वेष्टन शेवटी नेमके कुठे जाते आणि तिथे नेण्याचा खर्च कोण भरतो, या एका प्रश्नावर या क्षेत्रातली जवळपास प्रत्येक गुंतवणूक तरते किंवा बुडते.

पीएलएला विघटनासाठी ऊब आणि ओल लागते. ५५ ते ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते आणि मग पाणी त्याच्या साखळ्या तोडते. औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात ही ऊब असते. कचरा डेपोच्या पोटात किंवा समुद्राच्या गार पाण्यात नसते, आणि तिथे ते बराच काळ जसेच्या तसे राहते. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी ३ वर्षे मातीत आणि समुद्रात ठेवल्यावरही सामान उचलण्याइतकी धड होती.

आता कंपोस्ट केंद्र चालवणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्याकडे येणाऱ्या ढिगात कंपोस्टेबल कप आणि साधा कप दिसायला सारखे. वेगळे करायला माणसे लावावी लागतात. त्याच्या ढिगाची मुदत चाचणीपेक्षा कमी असेल तर तुकडे खतात उरतात आणि खताचा भाव पडतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या कंपोस्ट उत्पादकांनी एकत्र निवेदन काढून असे पॅकेजिंग आपल्याला नको, असे सांगितले. हा या उद्योगाच्या शेवटच्या ग्राहकाचा नकार होता, आणि तो किती भागधारकांनी वाचला असेल याची मला शंका आहे. प्लास्टिक पुनर्चक्रण करणाऱ्यांनाही पीएलए नको असते. पीएलए आणि पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे नेहमीच्या तरंगवण्याच्या पद्धतीने ते वेगळे करता येत नाहीत.

याच्या विरुद्ध टोकाला इटली आहे. तिथे २०११ पासून साध्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. मिलानने २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने शहरभर घरोघरी ओला कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली, कंपोस्टेबल पिशव्यांतून. पुढे कंपोस्टेबल पॅकेजिंग बनवणाऱ्यांकडून शुल्क घेऊन त्याच्या विल्हेवाटीचा खर्च भागवणारी बायोरेपॅक ही संस्थाही उभी राहिली. कायदा, गोळा करण्याची व्यवस्था आणि खर्च भरणारा, तिन्ही एकत्र आले. नोवामाँटसारखी कंपनी त्याच मातीत वाढली, हा योगायोग नाही.

सगळीकडे मिलान नसते, हे खरे. तिथे बंदिस्त जागा बघा : क्रीडांगणे, विद्यापीठे, कार्यालयांची उपाहारगृहे. आत येणारे प्रत्येक भांडे एकाच पुरवठादाराचे आणि बाहेर जाणारा कचरा एकाच कंत्राटदाराचा असेल, तर कंपोस्टिंग जमते. अशा ग्राहकांची यादी देणारी कंपनी अभ्यासण्याजोगी आहे.

प्रमाणपत्र कसे पडताळायचे?

टीयूव्ही ऑस्ट्रिया, डीआयएन सर्टको आणि अमेरिकेतली बीपीआय या संस्थांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. तिथे कंपनीचे नाव शोधा आणि तीन गोष्टी पाहा. प्रमाणपत्र दाण्याला आहे की तयार मालाला? दाणा पास झाला तरी शाई, गोंद आणि लेप लावलेले पाकीट आपोआप पास होत नाही. किती जाडीपर्यंत? जाडी वाढली की विघटनाला वेळ लागतो. आणि औद्योगिक कंपोस्टसाठी की घरगुती? घरगुती प्रमाणपत्रालाही मर्यादा आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत घरगुती कंपोस्टसाठी प्रमाणित प्लास्टिकपैकी ६० टक्के लोकांच्या घरच्या कुंडीत पूर्ण विरघळले नाही.

साध्या प्लास्टिकमध्ये मिश्रक घालून ते विघटनशील करणाऱ्या कंपन्या?

दूर राहा. अशा एका प्रकारच्या, म्हणजे ऑक्सो-विघटनशील, प्लास्टिकवर युरोपीय संघात २०२१ पासून बंदी आहे, कारण त्याचे तुकडे होतात आणि सूक्ष्मप्लास्टिक उरते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने मिश्रक विकणाऱ्या ईसीएम बायोफिल्म्सचे दावे फसवे ठरवले आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. एका निकालाने ज्याची बाजारपेठ संपू शकते, त्यात पैसे कशाला घालायचे?

लगद्याची भांडी तरी निर्धोक आहेत ना?

विघटनाच्या दृष्टीने ती प्लास्टिकपेक्षा सरळ आहेत. धोका लेपात आहे. तेल आणि पाणी झिरपू नये म्हणून त्यांत वर्षानुवर्षे पीएफएएस वर्गातली रसायने वापरली गेली, जी निसर्गात मोडतच नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून कागद आणि लगद्याच्या खाद्य-पॅकेजिंगमध्ये ती बंद केली, बीपीआयने त्याआधीच २०२० मध्ये फ्लोरिनची मर्यादा घातली, आणि युरोपचा नवा नियमही त्यांवर मर्यादा घालतो. कंपनीला विचारा : पीएफएएस नसलेला माल किती टक्के, आणि नवा लेप गरम तेलाला किती वेळ टिकतो? पहिल्या प्रश्नाला ठाम आणि दुसऱ्याला गुळमुळीत उत्तर आले, तर मोठे ग्राहक टिकतीलच असे धरू नका.

वेष्टन विघटनशील आहे, पण ग्राहकाला आवडले नाही तर?

तर ते परत जाते. फ्रिटो-लेने सनचिप्ससाठी पीएलएची कंपोस्टेबल पिशवी आणली होती. ती हाताळताना इतका आवाज करायची की तक्रारींचा पाऊस पडला आणि २०१० मध्ये बहुतेक चवींसाठी ती मागे घेतली गेली. शिवाय मूळ अडचण पदार्थाच्या स्वभावातच आहे : वेष्टनाने आतल्या मालाला महिनोन्‌महिने ओलीपासून आणि हवेपासून राखायचे, आणि बाहेर टाकल्यावर त्याच ओलीने मोडायचे. हे संतुलन साधणाऱ्यांचे पेटंट मोलाचे असते. विघटनाच्या चाचणीइतकाच टिकाऊपणाच्या चाचणीचा अहवाल मागा.

कच्च्या मालाच्या भावांचा परिणाम किती होतो?

दोन्ही बाजूंनी होतो. पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनते, त्यामुळे पीक महागले की खर्च वाढतो. खनिज तेल स्वस्त झाले की स्पर्धक प्लास्टिक स्वस्त होते आणि दरी रुंदावते. आणखी एक गोष्ट किलोच्या भावात दिसत नाही : पीएलएची घनता सुमारे १.२४, तर पॉलिप्रॉपिलीन या साध्या प्लास्टिकची ०.९ च्या आसपास. तेवढ्याच आकाराच्या भांड्याला पीएलए वजनाने एक तृतीयांशाहून अधिक जादा लागते. म्हणून तुलना नगामागे करा, किलोमागे नको.

ताळेबंद उघडल्यावर आधी काय पाहायचे?

रोकड किती तिमाही पुरेल, ते. या क्षेत्रात तोटा अनेक वर्षे चालणार हे गृहीत धरलेले असते. प्रश्न एवढाच की मध्ये पैसे संपले तर नवे कोण देणार आणि कोणत्या भावाने. वारंवार नवे शेअर काढले गेले असतील तर तुमचा हिस्सा पातळ होत जातो, कंपनी वाढली तरीही.

मग कारखान्याची क्षमता किती टक्के वापरली जाते ते पाहा. नव्या कारखान्याची घोषणा जुना अर्धा रिकामा असताना होत असेल, तर ते धोक्याचे लक्षण आहे. करारांचा बारकावा वाचा. ‘इरादापत्र’ आणि ‘सहकार्य करार’ यांना पैशांत फारसे मोल नसते. माल उचलला नाही तरी पैसे देणे बंधनकारक असलेला करार हाच खरा करार. निम्मी विक्री एकाच ग्राहकाकडे असेल, तर त्या ग्राहकाची पुढच्या वर्षांची पॅकेजिंगची उद्दिष्टेही वाचा.

फंडामार्फत गुंतवणूक बरी का?

जोखीम पसरते, पण विषयही पसरतो. चक्राकार अर्थव्यवस्थेच्या नावाचे फंड कचरा व्यवस्थापन, पुनर्चक्रण, यंत्रसामग्री, मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्या असे सगळे घेतात. फंडाच्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी पाहिली की नावाचा आणि मालाचा मेळ लगेच कळतो. फक्त विघटनशील पॅकेजिंगवरच पैसे लावायचे असतील, तर फंडातून ती इच्छा फारशी पूर्ण होत नाही.

खासगी स्टार्टअपमध्ये थोडे पैसे घालावेत का?

सगळे गेले तरी चालतील एवढेच घालावेत. प्रयोगशाळेतली फिल्म आणि मिनिटाला शेकडो मीटर धावणाऱ्या यंत्रावरची फिल्म यांत वर्षे जातात. ग्राहकाच्या सध्याच्या यंत्रांवर बदल न करता माल चालतो का, हे आधी विचारा. मोठी नावेही मध्येच थांबतात : लगद्याची भांडी बनवणाऱ्या फूटप्रिंटचा स्पॅकमार्गे बाजारात येण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. खासगी कंपनीतून बाहेर पडण्याचे दार तुमच्या हाती नसते.

घेतलेला शेअर कधी विकायचा?

नुसता भाव पडला म्हणून विकू नका. या लहान कंपन्यांचे भाव फार हलतात. घेताना लिहून ठेवलेले कारण मोडले, की विका. मुख्य बाजारपेठेतल्या कायद्याने तुमच्या कंपनीच्या पदार्थाची सूट काढून घेतली. मोठ्या ग्राहकाने पुनर्चक्रण होणाऱ्या साध्या वेष्टनाकडे मोर्चा वळवला. क्षमता-वापराचा आकडा अहवालातून गायब झाला. कर्जाची मुदत जवळ आली आणि नूतनीकरणाबद्दल व्यवस्थापन बोलेना. यांतली कोणतीही एक गोष्ट घडली तर पुढच्या तिमाहीची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण दिवाळखोरीत आधी धनकोंचे पैसे भागवले जातात आणि भागधारकाची पाळी सर्वांत शेवटी येते.